कासुर्डीतल्या दोन चड्ड्या

बबनराव ओव्हाळांच्या घरामागच्या परसबागेत मधोमध एक सुतळी बांधलेली होती. सुतळीच्या अलीकडं बबनरावांचं राज्य आणि पलीकडं त्यांच्या बायकोचं, अंजनाबाईंचं. दोघं एकाच टीव्हीपुढं बसून जेवायची, एकाच मोबाईलवर वाकून नगरला दिलेल्या लेकीशी बोलायची, पण परसात उतरली की एकमेकांना ओळख दाखवायची नाहीत. भांडण कशावरनं म्हणाल, तर खतावरनं. हसू नका. लोक बांधावरनं कोर्टात जातात, तशी ही दोघं खतावरनं सुतळीपर्यंत गेली होती.

बबनराव कुरकुंभच्या एका कंपनीत तीस वर्षं होते. सुरुवातीला ॲसिडच्या टाकीवर आणि मग रिटायर होईपर्यंत पॅकिंगला. कंपनी पाण्यात विरघळणारी खतं करायची आणि बबनराव ती गोणीत भरायचे. त्या गोण्यांवर हे घर उभं राहिलं, लेक करुणा एम.एस्सी. झाली, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची मोठी तसबीर लागली. कंपनीचे आभाळी रंगाचे दोन शर्ट, खिशावर लाल दोऱ्यानं 'बबन ओव्हाळ' शिवलेले, त्यांनी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवले होते. पाहुणा आला की ते शर्ट बाहेर निघायचे. "टेरिकॉट हाय," बबनराव सांगायचे, "मी मरंन पर ह्यो फाटायचा न्हाई." त्या शर्टांना हात लावायची अंजनाबाईंनाही मुभा नव्हती.

परसबागेतही त्यांचा कारभार कंपनीसारखाच. प्लास्टिकच्या बरण्या, बरण्यांवर आकडे, आकड्यांबरहुकूम चमचे. वांगी, मिरची, कोबी, सगळं एका रांगेत आणि एका उंचीत. पान गळून पडलं की उचललंच, टाकलंच कुंपणाबाहेर. माती कशी, जेवायला बसावं अशी साफ. फक्त अलीकडं तिला एक खोड लागली होती. पाणी घातलं की ते बराच वेळ वरच थांबायचं, आत जावं का न जावं याचा विचार करायचं आणि शेवटी सुतळीखालून अंजनाबाईंच्या बाजूला निघून जायचं. "माझं पानी पळवती ही बाई," असं बबनराव चारचौघांत बोलून दाखवायचे.

अंजनाबाईंच्या बाजूला सगळा पसारा. भोपळ्याचा वेल मिरचीच्या अंगावर, मिरची अळूच्या अंगावर, आणि कोपऱ्यात छातीइतका खोल खड्डा. त्या खड्ड्यात शेण, भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, जे हाताला लागेल ते. आणि गांडुळं. ही गांडुळं साधीसुधी नव्हेत बरं का, माहेरची. वडगाव रासाईला भीमेकाठी त्यांच्या आईचा उकिरडा होता. आई गेली, भावांनी तिथं पत्र्याचं शेड मारायचं ठरवलं. अंजनाबाई गेल्या, आईची साडी मागितली नाही, की भांडं मागितलं नाही. दोन मुठी गांडुळं डब्यात घेतली आणि डबा मांडीवर धरून एस.टी.नं कासुर्डीला आल्या. खड्ड्यातली सगळी पिलावळ त्या दोन मुठींची. माहेराचं म्हणून तेवढंच काय ते त्यांच्यापाशी उरलं होतं. त्यामुळं बबनराव त्याला उकिरडा म्हणाले की अंजनाबाई दोन-दोन दिवस त्यांना बिनमिठाची आमटी वाढायच्या.

एक दिवस घरी भरलेल्या बचत गटाच्या बैठकीला कृषी सहायक अनुपमा मॅडम आल्या. शिरूरची मुलगी, बोलायला चटपटीत, हसरी. बैठक उरकून त्या खड्डा बघायला परसात शिरल्या, तर बबनराव बरण्या घेऊन आडवे.

"मॅडम, तुमी शिकल्यासवरलेल्या. हिला जरा सांगा. झाडाला नायट्रोजन कळतो, शेण कळत न्हाई."

"खरंय काका," मॅडम म्हणाल्या. "झाडाला नाहीच कळत. पण मातीला कळतं. तुमच्या बरण्या झाडाला जेवू घालतात, मातीला कोण घालणार? खत वाईट नाही हो. पण नुसत्या बरण्यांवर ठेवली तर माती उपाशी मरते."

मॅडम एवढं सगळं बोलल्या. बबनरावांच्या कानात शेवटचा एक शब्द शिरला आणि तिथंच बसला.

"मरती?" ते म्हणाले. "पुरावा?"

"आहे की. चड्डी."

अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडमना काही त्याचं नवल नव्हतं. गावोगाव हेच सांगून त्यांची भीड चेपली होती. कोरी सुती चड्डी मातीत पुरायची, दोन महिने ठेवायची, मग उकरायची. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीवजंतू, गांडुळं सगळी मिळून सुताचा फडशा पाडतात, नुसतं इलॅस्टिक उरतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशी पुरली तशी निघते. धुवा आणि घाला.

"पुरा!" बबनराव गरजले. "दोन्ही बाजूला पुरा! माझी कुजली न्हाई तर बरण्या बंद, जन्मात खताला शिवायचा न्हाई. आन् हिची कुजली न्हाई तर ह्यो उकिरडा मुरूम टाकून बुजवायचा, वर ब्लॉक बसवायचं. हाय कबूल?"

"कबूल," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांनी खड्ड्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बोलताना बोलून गेले, पण त्या रात्री बबनराव ताटातली भाकरी नुसतीच कुस्करत बसले. "अंजना," ते म्हणाले, "तीस वर्षं मी गोण्या भरल्या. त्यानं जर माती मरत आसंल, तर तीस वर्षं मी काय भरत हुतो गं?" अंजनाबाईंनी त्यांच्या आमटीत मीठ घातलं.

आता निकाल म्हटला की पंच पाहिजे. पंच म्हणून शेजारचे हौसराव आले. हौसराव म्हणजे माजी सरपंच. शेती होतीच, पण हल्ली शेतीपेक्षा ते शेताचे तुकडे पाडून पुण्याच्या लोकांना फार्महाऊससाठी विकायचे. त्यांनी यवतच्या बाजारातून एकाच पाकिटातल्या दोन पांढऱ्या चड्ड्या आणवल्या. साईझ बबनरावांची. अदलाबदल नको म्हणून दोन्हींच्या इलॅस्टिकवर मार्करनं स्वतःची झोकदार सही ठोकली. पेढे वाटले. मग एक चड्डी सुतळीच्या अलीकडं आणि एक पलीकडं अशी विधिवत पुरण्यात आली. हौसरावांना सवयच, त्यांनी दोन शब्द बोलून घेतले. बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, निकाल ठरला.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण कासुर्डीत गोष्ट घरात राहील तर ती कासुर्डी कसली! आठवडा गेला नाही तोच गावातल्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या चड्ड्या गायब व्हायला लागल्या. चोर कोणी नव्हता, ज्याचा तोच. जो तो आपलं रान तपासायला निघाला. यवतच्या दुकानदारानं पांढऱ्या सुती चड्डीचा भाव चढवला, तरी माल टिकेना. उसाच्या सरीत, कांद्याच्या वाफ्यात, डाळिंबाच्या बुडख्यात, जिथं बघावं तिथं काठी रोवलेली आणि काठीला चिंधी बांधलेली. काठी दिसली की समजायचं, इथं कुणाची तरी इज्जत पुरलेली आहे.

एका घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम होता. पोहे झाले, चहा झाला. मुलीचा बाप म्हणाला, "जमीन किती ते कळलं. आता चड्डी दाखवा." मुलाकडच्यांची अजून पुरून महिनासुद्धा झाला नव्हता. सोयरीक पुढं ढकलली गेली. हौसराव तर हौसरावच! त्यांनी प्लॉटच्या फलकावर हायवेवरून दिसेल अशा अक्षरांत लिहून घेतलं, 'चड्डी-टेस्टेड जमीन', आणि शेजारी चित्र काढून घेतलं. पुण्याची पार्टी आली की गाडीतून उतरून आधी सातबारा नाही, चड्डी मागायची.

हौसरावांच्या मंडळी, दगडाबाई, मात्र घाबरल्या. त्यांच्या दारात कुत्र्यानं एक अर्धवट कुजलेली चड्डी आणून टाकली. मातीतनं निघालेलं कापड, तेही दारात! दगडाबाईंनी त्यावरनं लिंबू उतरून टाकलं आणि करणी केली म्हणून गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला. बबनराव धावले. करणी, भानामती हे शब्द कानावर आले की त्यांच्यातला कार्यकर्ता जागा व्हायचा.

"वैनी, करणीबिरणी काय नस्तं! ह्ये विज्ञान हाय!"

"दुसऱ्याच्या दारात चड्डी टाकायची ह्याला विज्ञान म्हंत्यात व्हय?" दगडाबाई म्हणाल्या. "मग त्या विज्ञानाला सांगा, आमच्या ह्यांच्या चार चड्ड्या परत कर म्हणावं."

बबनराव आल्या पावली माघारी फिरले. त्यांच्या डोक्याला वेगळाच भुंगा लागलेला होता. आत काय चाललंय? रोज सकाळी ते आपल्या काठीपाशी उभे राहायचे. माती वरनं बघून काय कळणार, कपाळ? एक दिवस अंजनाबाई बाजाराला गेल्या आणि बबनरावांना राहवलं नाही. खुरपं घेतलं, माती उकरली. ढेकूळ फुटता फुटेना. शेवटी हाताला कापड लागलं. ओढून काढलं, झटकलं.

चड्डी ठणठणीत होती. पाकिटातनं काढली तेव्हापेक्षा जरा मळलेली, बस्स. शिवण शाबूत, कापड शाबूत, एक भोक म्हणून नाही. बबनराव तिथंच मातीत बसले. वांगी चकाकत होती, कोबी गरगरीत होता, आणि त्यांच्या खाली काहीच नव्हतं. एक किडा नाही, एक मुंगी नाही. "मॅडमनं खरंच सांगितलं हुतं," ते वांग्याच्या झाडाला म्हणाले. झाडानं काय बोलावं? बबनरावांनी चड्डी पुन्हा पुरली. सुतळीपलीकडची काठी हाताच्या अंतरावर होती. तीही उकरून बघावी असं मनात आलं, पण सुतळी ओलांडायला पाय धजेना. तेवढं इमान शिल्लक होतं.

जे शिल्लक नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. बबनराव हायवेवरच्या गॅरेजमध्ये गेले आणि बॅटरीत घालायचं ॲसिड मागितलं. सुती कापडाचं ॲसिड काय करतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. टाकीवर होते तेव्हा एक थेंब उडाला की पॅंटीची चाळण व्हायची.

"थोडंच राह्यलंय आबा," गॅरेजवाला म्हणाला. "म्हैनाभर काय खप हाय म्हंता! बॅटरी एकाची बदलंना, आन् ॲसिड समद्यांना पायजे."

बबनराव आपल्याच विचारात होते. त्यांनी बाटली पिशवीत घातली आणि घरी आले.

दुपारची वेळ. घरात अंजनाबाईंचं शिलाई मशीन खडखडत होतं. कुणाचं तरी ब्लाऊज असेल. बबनरावांनी मनातल्या मनात त्या मशीनचे आभार मानले, कारण तेवढ्या आवाजात खुरप्याचा आवाज लपला. चड्डी बाहेर काढली. काडीला बोळा गुंडाळून एकेक थेंब लावला. कापड आधी पिवळं पडलं, मग तपकिरी, मग बोट लावलं तिथं भुगा. इलॅस्टिकला मात्र धक्का लागू दिला नाही, त्यावर पंचाची सही होती. सोड्याच्या पाण्यात बुचकळून काढली आणि पुन्हा पुरली. तीस वर्षांत बबनरावांनी कंपनीतला एक खिळा घरी आणला नव्हता. आज स्वतःच्याच परसात चोरासारखं वाकून बसताना त्यांचे कान गरम झाले होते.

निकालाच्या दिवशी सगळं गाव लोटलं. परसात मावेना म्हणून पोरं भिंतीवर चढली. कुणीतरी जयंतीसाठी आणलेला स्पीकर जोडून दिला. हौसराव पांढऱ्याशुभ्र कपड्यात, गळ्यात उपरणं. रस्त्यात त्यांचा ट्रॅक्टर उभा, ट्रॉली मुरमानं भरलेली. खड्डा बुजवायची वेळ आलीच तर खोळंबा नको असा त्यांचा हिशेब. अनुपमा मॅडम मोबाईल घेऊन फोटोला तयार.

"आधी वैनींची!" हौसरावांनी माईकवर पुकारा केला.

अंजनाबाईंच्या बाजूची माती भुसभुशीत, खुरप्याच्या पहिल्या घावात बाजूला झाली. दोन-चार गांडुळं वळवळत पळाली. आणि वर आली अख्खी चड्डी. चिखलानं माखलेली, पण अख्खी. हौसरावांनी ती दोन्ही हातांनी ताणून बघितली. फाटली नाही. इलॅस्टिकवर सही जागच्या जागी. मॅडमचा मोबाईल हातातल्या हातात राहिला.

"आता बबनरावांची!"

ढेकळं फुटली आणि हौसरावांच्या बोटांत नुसतं इलॅस्टिक लोंबकळत वर आलं. त्याला तपकिरी सुतं चार-दोन. झालं! गर्दीनं जो कल्ला केला, तो हायवेपर्यंत गेला असेल. "रासायनिक जिंकलं!" हौसराव ओरडले. कुणी बबनरावांच्या गळ्यात हार घातला, कुणी खांद्यावर उचलायला बघितलं. एक जण म्हणाला, आता उसाला डबल डोस. मॅडम पुटपुटत होत्या, "असं कसं होईल? असं होतच नाही." पण त्यांचं ऐकतंय कोण!

बबनराव हसले. आधी लोकांसाठी हसले आणि मग खरंच हसू आलं. आपली तीस वर्षं सार्थकी लागली की काय, असं त्यांना घटकाभर वाटलं. मग त्यांनी अंजनाबाईंकडं बघितलं. ही बाई आता तांडव करणार, पंचाची अक्कल काढणार, मॅडमला साक्षीला बोलावणार. पण अंजनाबाई म्हणाल्या, "जिंकला की," आणि चहा टाकायला आत गेल्या. ना रडणं, ना बोलणं.

"काका, ती काकूंची चड्डी जरा धुऊन देता का?" मॅडम म्हणाल्या. "चिखलात काही दिसत नाही. मला वर ऑफिसात फोटो पाठवायला लागेल."

बबनरावांनी चड्डी नळाखाली धरली. काळं पाणी गेलं, लाल पाणी गेलं, आणि बोटांखाली कापडाचा रंग वर आला. पांढरा नव्हता. आभाळी होता.

ते खाली वाकले. डोळ्यांजवळ धरून बघितलं. इलॅस्टिक तेच, हौसरावांची सही तीच. पण इलॅस्टिकला कापड जोडणारी शिलाई दुकानातली नव्हती. दुहेरी, बारीक, शेवटी उलटा टाका मारलेली. अशी शिलाई त्यांनी आयुष्यभर अंगावर घातली होती. आणि कापड टेरिकॉट होतं. ते मरतील, पण हे फाटणार नव्हतं.

म्हणजे तिची केव्हाच कुजून गेली होती. सगळीच्या सगळी, नुसतं इलॅस्टिक ठेवून. ती जिंकलेली होती, तिला माहीत होतं, आणि तिनं दुपारभर मशीनवर बसून स्वतःला हरवलं होतं. खड्ड्यासकट. आईच्या त्या दोन मुठींसकट. त्याच मशीनच्या आवाजात आपण वाकून ॲसिड लावत बसलो होतो. बबनरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नळ तसाच वाहत होता.

"येऊ द्या ट्रॉली!" हौसराव माईकवर ओरडले.

ट्रॅक्टर मागं मागं यायला लागला. बबनरावांनी चड्डी खिशात कोंबली, गर्दी ढकलली, सुतळी ओलांडली आणि गळ्यातल्या हारासकट खड्ड्यात उडी मारली. मांडीपर्यंत शेणात रुतले.

"अवो बबनराव! काय हे!"

"मुरूम टाकायचा न्हाई."

"अवो, पर तुमीच जिंकला न्हवं?"

"न्हाई. मी लबाडी केली. ॲसिड लावलं चड्डीला, बॅटरीचं."

वाटलं होतं, गाव आता थुंकणार. पण परसात अशी काही शांतता पसरली, की स्पीकरची खरखर तेवढी ऐकू येत होती. कुणी आभाळाकडं बघायला लागलं, कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला. मुलीच्या बापाला चड्डी दाखवून परवाच सोयरीक पक्की केलेला गडी भिंतीआड सरकला. हौसराव स्वतः उपरण्यानं कपाळ पुसत होते. हायवेवरच्या गॅरेजात ॲसिड का संपत आलं होतं, ते आत्ता बबनरावांच्या ध्यानात आलं.

"ते ऱ्हाऊ द्या," हौसराव घाईनं म्हणाले. "पर वैनींची तर न्हाईच कुजली! निकाल म्हंजी निकाल. ती का न्हाई कुजली, सांगा!"

सांगणं सोपं होतं. खिशात हात घालायचा आणि दाखवायचं. बबनरावांचा हात खिशापर्यंत गेलाही. पण ते दाखवलं असतं तर गावानं अंजनाला विचारलं असतं, का गं केलंस. आणि नवऱ्याची कीव आली म्हणून, असं तिला सगळ्यांसमोर सांगायला लागलं असतं. त्यांनी हात बाहेर काढला.

"ते मला ठाव न्हाई," ते म्हणाले. "तुमाला बुजवायचंच आसंल तर बुजवा. मी निघत न्हाई. मला बी सुतीच समजा. दोन म्हैन्यांनी उकरा. कुजलो तर अंजना जिंकली म्हणा आन् खड्डा तिला परत द्या."

"ह्या मानसाला आता काय म्हनावं!" हौसरावांनी हात टेकले. माणूस पुरायचा म्हटल्यावर ट्रॅक्टरचा ड्रायव्हरही खाली उतरला. शेवटी अनुपमा मॅडमनी माईक घेतला आणि टेस्ट बाद झाली म्हणून जाहीर केलं, दोन्ही बाजूंची. गावाला सुटल्यासारखं झालं. जो तो लगबगीनं घराकडं निघाला. आपापल्या काठ्या अंधार पडायच्या आत उपटायच्या होत्या. हौसराव फलकवाल्याला फोन लावत गेले.

परस रिकामं झालं. अंजनाबाई चहाचा कप घेऊन खड्ड्याच्या काठावर आल्या.

"निगा वर. च्या गार हुतोय."

"तुला ठाव हुतं?" बबनरावांनी विचारलं. "ॲसिडचं?"

"टाकीवर हुता तवा तुमच्या पॅंटी कुणी रफू केल्या? ॲसिडचं भोक मला वळखू येत न्हाई व्हय? हौसरावांनी वर काढली तवाच दिसलं."

"मग बोलली का न्हाईस?"

अंजनाबाईंनी कप काठावर ठेवला. "तुमी हसत हुता," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी."

बबनरावांनी खिशातली ओली चड्डी काढली आणि तिच्यापुढं धरली. "शर्ट फाडलास माझा."

"पाठीकडनं कापलाय. म्होरची बाजू तशीच ठिवलीय ट्रंकेत. खिशावर नाव हाय, त्ये कसं कापू?"

बबनरावांच्या पायांवरून काहीतरी गार, मऊ सरकत होतं. त्यांनी पाय हलवला नाही. सासुरवाडीच्या माणसांना लाथ कशी मारायची?

"सरका आता जरा," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात भाजीच्या देठांची पाटी होती. "सकाळपासनं ह्या निकालापायी गांडुळं उपाशी हायती माझी."

बबनराव सरकले. देठं त्यांच्या ढोपरांवर पडली, हारातल्या झेंडूवर पडली. "अंजना," ते म्हणाले, "माझ्या बाजूला बी टाक की थोडं."

"टाकीन दोन पाट्या," अंजनाबाई म्हणाल्या. "पर सुतळी ऱ्हाईल."